राखेच्या बुधवारापूर्वी

वसईतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत अल्तारावरच्या क्रूसामागे वर्षभर झावळीचं एक पातं खोचलेलं असतं. झावळ्यांच्या रविवारी मिस्सेत आशीर्वाद घेऊन घरी आलं तेव्हा हिरवंगार होतं; माघ सरता सरता त्याची काडी झालेली असते. उपवासकाळ जवळ आला की अशी पाती चर्चमध्ये परत जातात, जाळली जातात आणि त्यांचीच राख बुधवारी कपाळावर लागते. येशूच्या जयजयकारात आपणच हलवलेलं ते पातं, तेच आता आपण माती असल्याचं सांगतं.

त्या दिवसांत घरोघर विचारणा असते : यंदा काय सोडणार? कुणी मटण सोडतो, कुणी चहा, कुणी दारू. चांगलंच आहे ते. पण कॅथलिक चर्चने सक्तीचे उपवास दोनच ठेवलेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही 18 ते 59 वयाच्या माणसांना. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. आणि किनाऱ्यावरच्या माणसाला मासळी खाऊन कसला त्याग घडणार! रविवार वगळून ईस्टरपर्यंत 40 दिवस भरतात. त्यांचं काय करायचं, हे बहुतांशी आपल्यावरच सोपवलेलं आहे. म्हणून तयारी लागते.

ती कशी करावी, हे मला पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चकडून शिकावंसं वाटतं. त्यांचा महाउपवास सोमवारी सुरू होतो. आदल्या दिवशी, क्षमेच्या रविवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर माणसं एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात. धर्मगुरूही मागतात. आजी नातवापुढे वाकते. केरळातले सिरियन ख्रिस्ती तर सुमारे तीन आठवडे आधीच निनवेचे तीन उपवास करतात. बायबलमधल्या योना संदेष्ट्याचा इशारा ऐकून निनवे शहराचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला होता, त्याची ती आठवण.

क्षमा मागणं मटण सोडण्याहून फार जड. बांधावरून, वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि एकाच मिस्सेत बसतात. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलंय : वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर. राग भावाच्या मनात असला, तरी जायचं आपण.

ज्याच्या दारावरून तुम्ही मान वळवून जाता, त्याच्याकडे मंगळवारपर्यंत जाऊन या.