डोंगराकडचं देणं

माझं शिक्षण सुक्या मासळीच्या पैशांवर झालं आणि ती मासळी विकत घेणारी माणसं जव्हार-विक्रमगडकडची होती. इतकी साधी गोष्ट, पण ती ध्यानात यायला मला नोकरीसाठी जव्हारला जाऊन राहावं लागलं. आता निवृत्त झाल्यावर ओळखीतले लोक विचारतात, जव्हारला काय काय बघायचं? राजवाडा, शिरपामाळ, दाभोसा, भूपतगड अशी नावं मी सांगते. पण त्या डोंगराने मला जे दिलं ते सांगायचं राहून जातं. ते एकदा लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आमचं मुरबे खाडीच्या एका काठावर आहे, समोर सातपाटी. बाबा बोटीवर जात आणि आई सुक्या मासळीचा धंदा करी. बोंबील सुकवायच्या वलांडीवर बोंबील, अंगणात जवळा, पावसाळा जवळ आला की आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई. मे महिन्यात आई आणि शेजारच्या बाया टेम्पोत पाट्या चढवून मनोर, विक्रमगड, जव्हारच्या आठवडे बाजारांना जात. परत येताना रोकड थोडी असे आणि तांदूळ, नागली, उडीद जास्त. ते धान्य आम्ही पावसात खायचो. बाबांसाठी डोंगर म्हणजे समुद्रातली खूण होती. किनारा दिसेनासा झाला तरी काळदुर्गाचा चौकोनी माथा दिसत राही आणि त्यावरून ते घराची दिशा धरत. त्या माथ्यापलीकडे कोण राहतं, हे घरात कधी बोललं गेलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या लेखी डोंगर म्हणजे आई बाजाराला जाते ती जागा.

डी.एड. झाल्यावर जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत नेमणूक मिळाली. मला तिथे जायचं नव्हतं. पालघरपासून जव्हार 75 किलोमीटरच्या आसपास आहे, पण मनोर, विक्रमगड करत घाट चढणाऱ्या एसटीत बसले तेव्हा परमुलखात निघाल्यासारखं वाटलं. जव्हार समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. लोक त्याला पालघरचं महाबळेश्वर म्हणतात. मला मात्र पहिल्या पावसाळ्यात धुकं आणि ओल एवढंच दिसलं. मुलं वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी समाजांची. माझी भाषा त्यांना परकी आणि त्यांची मला. वर्गात मी बोलायची आणि मुलं गप्प बसायची.

शाळेत एक कामाठी मावशी होत्या, जवळच्याच पाड्यावरच्या. त्यांनी एकदा गाव विचारलं. मी मुरबे म्हटल्यावर त्या हसल्या. "म्हणजे बोंबीलवाल्या मावशींचं गाव! आमची आगोट तुमच्याकडचीच." मग मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. चुलीवर टांगलेल्या शिंक्यात मडकं होतं आणि मडक्यात जवळा. भातलावणीच्या दिवसांत मूठभर जवळा आणि मिरची, एवढ्यावर सात-आठ माणसांची भाकर होई. मावशींनी मला तीच भाकर वाढली. मी पोटभर जेवले आणि त्या दिवसापासून त्या शाळेत रमले. आमच्या अंगणात वाळलेली मासळी इथल्या चुलीवर पोचत होती, तिचे पैसे उलट वाटेने येऊन माझ्या वह्यापुस्तकांना लागत होते, हे मला त्या घरात बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

दुसरं मोठं ऋण शाळेतल्या एका जुन्या गुरुजींचं. पुस्तकातला धडा मुलांच्या पायाखाली शोधायचा, ही त्यांची रीत. जव्हार संस्थानाची मुळातली कथा अशी सांगतात, की जयबा मुकणे यांनी एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती कबूल झाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला. ठाणे जिल्ह्याच्या 1882 सालच्या गॅझेटियरमध्येही ही कथा नोंदलेली आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीबद्दल नेमकी हीच कथा आहे आणि व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यात तिचा उल्लेख येतो. गुरुजींना डायडोही ठाऊक होती. त्यांनी मुलांना वर्तमानपत्राचं एकेक पान दिलं आणि म्हणाले, याच्यात मैदान कोंडून दाखवा. मुलांनी पानाच्या पट्ट्या केल्या, पट्ट्यांच्या आणखी बारीक पट्ट्या केल्या, त्या चिकटवल्या आणि झेंड्याच्या खांबाभोवती मोठं रिंगण घातलं. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक मुलांना तिथे समजला. गप्प बसणारी मुलं एकमेकांना मोठमोठ्याने सूचना देत होती. शिकवणं म्हणजे काय, हे मी त्या मैदानात शिकले. डी.एड.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं. 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने जयबांचे पुत्र नीमशहा यांना राजा म्हणून मान्यता दिली, असं संस्थानाची परंपरा सांगते. पुढे सहाशे वर्षं हे राज्य टिकलं आणि 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. गावाजवळच्या टेकडीवरचा जयविलास राजवाडा शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला. आमची मुलं तो राजवाडा बघायची तेव्हा पर्यटकांसारखी फोटोपुरती थांबत नसत. हा राजा आमच्यातला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. मी ज्यांना मागास समजून शिकवायला आले होते त्यांच्यात हा ताठपणा आहे, हे मला राजवाड्याच्या पायऱ्यांवर दिसलं.

शिरपामाळही गुरुजींनीच दाखवला. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे मी पाठ म्हणून दाखवत असे. महाराज सुरतेला कोणत्या वाटेने गेले, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ती वाट जव्हारवरून गेली. या माळावर राजे विक्रमशहा यांनी महाराजांचं स्वागत केलं आणि त्यांच्या मस्तकी शिरपेच चढवला, असं परंपरा सांगते. आज तिथे स्मारक आहे. पुढची गोष्टही गुरुजी लपवत नसत. आठ वर्षांनी, 1672 मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं. मुलांनी विचारलं, मग शिरपेच कशाला दिला? गुरुजींनी उत्तर दिलं नाही, त्यांनाच विचार करायला सांगितलं. झापजवळचा भूपतगडही आम्ही असाच मुलांच्या मागून चढलो. माथ्यावर तटाचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत. वाटेवरच्या प्रत्येक झाडाचं नाव, कोणता कंद उकडून खायचा, कोणता नाही, हे सगळं मुलं सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होते.

गुरुजींनीच एक दिवस गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं. ते वाचताना मला झोप लागली नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं, या लग्नगडीच्या चालीबद्दल मी पहिल्यांदा वाचलं. मे 1945 मध्ये झरीला वारल्यांची परिषद भरली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड आणि इतर माणसं मारली गेली. झरी आणि तलवाडा मुरब्यापासून फार दूर नाहीत. आमच्या समोरच्या डोंगरात, बाबांच्या लहानपणी, हे सगळं घडलं होतं.

त्या सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला विचारलं, बाजारात उधारी किती बुडते? आईने क्षणभरही विचार केला नाही. पालघर-बोईसरकडची बुडते, म्हणाली, पाड्यावरची कधी बुडाली नाही. भात झोडून झाला की माणूस पैसे नाहीतर तांदूळ घेऊन येतोच, तो नाही आला तर त्याची बायको येते. कर्जापायी ज्यांच्या आज्या-पणज्यांची आयुष्यं गहाण पडली होती, ती माणसं जवळ्याचे चार रुपये दिवाळीआधी फेडत होती, आणि त्या चार-चार रुपयांतून माझी फी भरली गेली होती. यावर काय बोलावं ते मला तेव्हा सुचलं नाही. आजही नीट सांगता येत नाही.

दाभोसा धबधबा बघायला मुंबईहून माणसं येतात. लेंडी नदी तिथे सुमारे 300 फूट खाली कोसळते. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, पाणी निवळतं तेव्हा तो मला सर्वांत देखणा वाटतो. केळीच्या पाड्याजवळचा काळमांडवी आणि हिरडपाडाही सुंदर आहेत. पण धबधब्याने मला वेगळीच गोष्ट शिकवली. या तालुक्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये पाड्यांवर टँकरची वाट बघतात. काळा कातळ पाणी मुरू देत नाही आणि उतार ते थांबू देत नाही. आपण ज्याला धबधबा म्हणून डोळे भरून बघतो, ते पाड्याच्या हातून निसटून चाललेलं पाणी असतं. मावशींबरोबर रात्री विहिरीवर गेले तेव्हा हे समजलं. तळाशी झिरा होता, पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं आणि आपला नंबर येईपर्यंत बसून राहायचं. याच तालुक्यात उगम पावणारी सूर्या नदी धामणीला अडवली आहे. ते पाणी तारापूरच्या कारखान्यांना जातं, पालघरला जातं, वसई-विरारलाही जातं. मासळी कमी झाल्यावर माझा भाऊ बोट सोडून तारापूरला कारखान्यात लागला. म्हणजे आधी माझी फी आणि मग भावाचा पगार, दोन्हींमागे डोंगर आहेच.

1992 साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि साऱ्या महाराष्ट्राला जव्हारचं नाव वेगळ्याच कारणाने कळलं. मंत्री आले, गाड्या आल्या. आमच्या शाळेतली मुलं तशाच पाड्यांवरची होती. सकाळी काय खाऊन आलास, हा प्रश्न मी तोपर्यंत वर्गात विचारला नव्हता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत हजेरीच्या आधी तो विचारत राहिले. पुष्कळदा उत्तर नुसतं 'चहा' असे. मग मावशी आणि मी मिळून काहीतरी शिजवायचो.

एरवी जव्हारचे दिवस आनंदाचेच गेले. चैत्र-वैशाखात बोहाडा असे. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून, संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचत. कोणतं सोंग कोणत्या घराण्याने घ्यायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. वर्गात मान वर न करणारा एक मुलगा त्या रात्री वडिलांच्या शेजारी पेटत्या टेंभ्यापुढे नाचत होता, आणि मी त्याला ओळखलंच नाही. भात निघाल्यावर तारपा घुमायचा. दुधीचा पोकळ भोपळा, बांबू आणि मेण यांतून तो आवाज कसा निघतो, याचं मला अजून नवल वाटतं. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घराण्याने ही कला पिढ्यान् पिढ्या जपली आहे. जव्हारला जाणाऱ्याने त्यांचं नाव तरी माहीत करून घ्यावं.

जव्हारने मला माझं गावही दाखवलं, असं म्हटलं पाहिजे. गुरुजींबरोबर आम्ही मनोरजवळचा अशेरीगड चढलो. माथ्यावर एका दगडात पोर्तुगिजांचं राजचिन्ह कोरलेलं आहे, वर मुकुट आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून हा गड त्यांच्याकडे होता. आसपासच्या जंगलातलं सागवान त्यांच्या जहाजांसाठी तोडलं जाई. मुकुटाच्या त्या दगडापाशी गुरुजींनी विचारलं, तुमच्या मुरब्याजवळचा शिरगावचा किल्ला कुणाचा? मला सांगता आलं नाही. त्या किल्ल्यात मी लहानपणी खेळले होते, आतल्या फांद्या फुटलेल्या रावणमाडाखाली बसून चिंचा खाल्ल्या होत्या. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी ठाणी एकामागून एक मराठ्यांनी घेतली, तारापूरला बाजी भिवराव धारातीर्थी पडले आणि मे महिन्यात वसई पडली. हे सगळं मी डोंगरावरून परत आल्यावर वाचलं. किनाऱ्यावरच्या किल्ल्याकडे किनाऱ्यावर राहून कधी बघितलं नव्हतं.

गुरुजी आता नाहीत, मावशीही नाहीत. फेड म्हणावी असं माझ्या हातून फार काही झालं नाही. मुरब्याच्या शाळेतली मुलं घेऊन मी जव्हारला जाते, आणि आमच्या आश्रमशाळेत शिकून आता स्वतः शिक्षक झालेला एक विद्यार्थी त्याची मुलं शिरगावला आणतो. त्यांच्यातली बरीच मुलं समुद्र पहिल्यांदा बघतात. आम्ही दोघं मिळून त्यांना वलांडी दाखवतो आणि ज्या सागवानाच्या बोटी सातपाटीला बांधल्या जात, ते सागवान कुठल्या मातीतलं तेही सांगतो.

जव्हारला निघालेल्यांना माझी एक विनंती असते. धबधब्यासाठी पावसाळ्यात जा, पण एकदा एप्रिल-मेमध्येही जा. जेवण पाड्यावरच्या घरी सांगा, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळेल. पैसे घासाघीस न करता द्या. पिण्याचं पाणी मात्र आपलं आपण बरोबर न्या, त्या दिवसांत यजमानांकडे हंडाभर पाणी मागू नका. आणि पुढच्या कुणाला जव्हार सांगाल तेव्हा राजवाड्याबरोबर विहिरीही बघायला सांगा.