महादेव शिंप्याची बाजू

दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडयांचे दिवस सुरू होतात. धान कापणीला आलेले असते. गावोगाव दुकाने लागतात, खडी गंमत उभी राहते, रात्री दंडार रंगते, आणि लेकीबाळी त्या निमित्ताने माहेरी येतात. सगळ्यांना हे दिवस प्रिय. मला मात्र लहानपणी त्यांचा मनस्वी तिटकारा असे. कारण माझे वडील खडी गंमतीचे शाहीर होते.

घरात शाहीर असला म्हणजे काय होते, हे त्या घरच्यांनाच ठाऊक! ऐन कापणीत बाबा डफ घेऊन निघत, ते पंधरा-वीस दिवसांनी घसा बसवून घरी येत. माय विड्या वळी. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने नि तंबाखू; ठरलेल्या विड्या झाल्याखेरीज ती उठत नसे. पुढे बाबांनी आमची एक बांधी विकली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणे टाकले.

१९६८ च्या सुमारास मी साकोलीकडे मास्तर होतो. एका मित्राने उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचायला दिली. कादंबरी १९६० सालची. तिच्यातली माणसे वऱ्हाडी बोलतात. आमची झाडीबोली निराळी, तरी ती परकी वाटेनात. कौतिक ही शिंप्याची बायको, संसार उभा राहावा म्हणून जिवाचे रान करणारी. नवरा महादेव कामात मन नसलेला. मी थोड्याच पानांत निकाल देऊन मोकळा झालो. कौतिक म्हणजे माझी माय, महादेव म्हणजे बाबा!

पण शेळके मला न्यायाधीश होऊ देईनात. कौतिक करारी खरी, पण हट्टीही. महादेव कुचकामाचा, पण दुष्ट नव्हे. गोष्टीत एखादा खलपुरुष असला की वाचकाची केवढी सोय होते! येथे ती सोय नव्हती. पहाटे पुस्तक मिटले तेव्हा मी रडत होतो, आणि कोणासाठी, ते मला उमगत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत ते पुस्तक मी मायला वाचून दाखवले. ती महादेवावर संतापेल, अशी माझी खात्री. ती बराच वेळ पाने कातरीत राहिली. मग म्हणाली, “तिची जीभ बी काही कमी नाही.” आणि जरा थांबून, “अन् तो जेवला का पन?”

मला रागच आला. बाबा नुकतेच बाहेरून येऊन ओसरीवर टेकले होते. तिने महादेवाचे विचारले की त्यांचे, हे मी तेव्हा विचारले नाही, पुढेही नाही.

त्या वर्षी मी मंडईला गेलो. गर्दीच्या मागे, रेवड्यांच्या दुकानाआड उभा राहिलो. बाबांचा आवाज वरच्या पट्टीत फाटत होता. लोक हसले, तसे तेही हसले, आणि पुन्हा तीच ओळ त्यांनी धरली. या खेपेस ती साधली. गंमत उलगल्यावर डफ काखेत मारून ते नेमके माझ्यापुढे आले.

“कवा आलास गा?”

“आत्ताच,” मी म्हणालो. दुपारपासून तेथेच उभा होतो.