धारेवर उभं करणारा माणूस

ओटावातल्या आमच्या कोचनी माझ्या मुलाला आइस हॉकी शिकवली, ते उपकार आहेतच. पण त्यांनी मलाही बर्फावर ओढलं, ते देणं त्याहून मोठं. सांगलीत वाढलेल्या माणसाचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. मी आपला काचेबाहेर कॉफी धरून उभा असायचो. एका शनिवारी ते हेल्मेट माझ्या हातात देत म्हणाले, “मदतनीस हवाय. तू पडलास तर पोरांना धीरच येईल.”

पडलो, भरपूर पडलो. पोरं खूश.

स्केटच्या पात्याला खालून खोबण असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. वळणं, थांबणं, उलटं जाणं, सगळं या धारांवर. कोच आठवडेच्या आठवडे तेवढंच घोटून घ्यायचे: एका पायावर घसरत जा, गुडघा वाकव, धारेवर कल, पड, ऊठ. पालक कुरकुरायचे, पोरांच्या काठीला पक, म्हणजे खेळायची ती चकती, कधी लागणार म्हणून. “पाय तयार होऊ दे, पक कुठे पळून जात नाही,” एवढंच त्यांचं उत्तर. पक आला तोही निळा, ११३ ग्रॅमचा. मोठ्यांचा काळा १७० ग्रॅमचा असतो. जड पक ढकलताना लहान मूल सगळं अंग झोकून देतं आणि मनगट वापरायला शिकतच नाही, हे त्यांनी मला दाखवून दिलं.

खरी भांडणं झाली ती मैदानावरून. २०० फूट लांब रिंकवर सहा वर्षांचं पोर नुसतं पळतं. पक मिळतो एखाद्या तगड्यालाच. म्हणून कोच रिंकचे तुकडे करून आडवे सामने खेळवायचे. हॉकी कॅनडा या संघटनेने २०१७च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटाला छोटं मैदान सक्तीचं केलं, तेव्हा आरडाओरडा करणाऱ्या बापांत आमचेही काही होते. कोच वाद घालत बसले नाहीत. त्यांनी एका बापाला काठी दिली, पूर्ण रिंकवर पोरांमागे धावायला लावलं. दुसऱ्या फेरीला तो कठड्याला टेकला.

आइस हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झकी, त्याच्या वडिलांनी ब्रँटफर्डच्या घराच्या परसात पाणी सोडून रिंक केलं, डबे मांडून पोराकडून वळणं घोटून घेतली, ही गोष्ट इथं घरोघर सांगतात. आमचे कोच ती ऐकून हसायचे. म्हणायचे, “बापांना डबे लक्षात राहतात. पोराला घरात यायचंच नसे, हे कुणी सांगत नाही.” मला ते तंतोतंत पटतं. सरावानंतर गाडीत मुलाला चुका ऐकवायचं मी ते ऐकल्यापासून बंद केलं.

हंगाम संपल्यावर आम्ही पालकांनी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते परत माझ्या खिशात कोंबलं. “शनिवारी साडेसहाला ये. नवी पोरं येतायत, आणि नाड्या तू बऱ्या बांधतोस.”