वाळूवरचा एक तास : पैसे मोजावेत का?

आखातात एकही नातलग नाही, असे घर कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत शोधूनच काढावे लागेल. कुणाचा भाऊ दुबईत, कुणाची बहीण शारजात, कुणाचा जावई अजमानला. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत मुलाबाळांसह तिकडे जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. राहण्याचा खर्च वाचतो, जेवण घरचे मिळते. मग हाताशी उरलेल्या पैशांत काय पाहायचे, यावर मात्र घरोघरी चर्चा रंगते. आमच्याकडे ती रंगली 'डेझर्ट बग्गी'वरून.

शारजात आपाच्या घरी आम्ही पाच जण उतरलो होतो : आम्ही दोघे, पंधरा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि अम्मी. मुलाने येण्याआधीच बग्गीचे व्हिडिओ पाहून ठेवले होते. अम्मींना बग्गी म्हटल्यावर घोडा जुंपलेली बग्गी आठवली. मोबाईलवर चित्र पाहिल्यावर त्या म्हणाल्या, "ह्या पिंजऱ्यात बसायला पैसे द्यायचे? आणि रेती काय दाभोळला नाही?"

अम्मींनी 'पिंजरा' म्हटले ते अगदी बरोबर होते. ही गाडी म्हणजे जाड लोखंडी नळ्यांचा सांगाडा, रुंद टायर, उंचसखल जागी चाक वरखाली होऊ देणारे लांब शॉक अब्सॉर्बर आणि बहुधा हजार सीसीच्या आसपासचे इंजिन. काचा नाहीत, एसी नाही. दोन किंवा चार आसने असतात आणि दोन्ही खांद्यांवरून व कमरेभोवती पट्टे बांधून बसावे लागते. क्वाड बाईकवर आपण उघडेच बसतो. बग्गी उलटली तर निदान तो पिंजरा आपल्याला वाचवायला असतो.

हिशेब

वाळवंट पाहण्याच्या तीन तऱ्हा आमच्यासमोर होत्या. पहिली, संध्याकाळची जीप सफारी : जीप घरून नेते, वाळूच्या टेकड्यांवर वरखाली करते, मग तंबूत जेवण आणि नाचगाणे. दर माणशी दीडशे दिरहम सांगितला. दुसरी, मार्गदर्शकासह बग्गी : दोन आसनांच्या गाडीचे तासाला सहाशे दिरहम, चार आसनांचे हजार. एक दिरहम म्हणजे तेव्हा साधारण चोवीस रुपये. म्हणजे एका तासाचे चौदा ते चोवीस हजार रुपये! तिसरी तऱ्हा फुकटात जमा : दुल्हाभाईंच्या गाडीतून वाळवंटाच्या कडेपर्यंत जायचे, उतरून पायी फिरायचे आणि घरून नेलेला चहा प्यायचा.

जीप सफारी आम्ही लवकर बाद केली. आपा आणि दुल्हाभाई धरून सात जणांचे हजारावर दिरहम झाले असते आणि अम्मींच्या कमरेला ते हिसके सोसले नसते. तंबूतल्या नाचात आम्हाला रस नव्हता. शिवाय डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनच्या आसपास निघणाऱ्या सहलीत असर आणि मगरिब दोन्ही धावपळीत आल्या असत्या. सकाळी जायचे, एवढे ठरले.

बग्गीचा प्रश्न दुल्हाभाईंनी सोडवायला घेतला. वीस वर्षे तिथे काढलेला माणूस. ते म्हणाले, "गाडीचे भाडे देतोय असे समजू नका, पुढे चालणाऱ्या माणसाची मजुरी देतोय असे समजा. तो माणूस चांगला असेल तर पैसे द्या." मग त्यांनी तीन ठिकाणी फोन लावले आणि सगळीकडे तेच प्रश्न विचारले. एका मार्गदर्शकामागे किती गाड्या असतात? तास कधीपासून मोजता, माहिती द्यायला लागल्यापासून की इंजिन सुरू झाल्यावर? गाडीचे नुकसान झाले तर कोण भरणार, आणि ते लिहून मिळेल का? वाहन परवाना लागतो का? मुलांना कोणत्या वयापासून बसवता? अपघात झाला तर विमा आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण आपण इथून काढून नेतो त्या प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत अशा साहसी वाहनांवर झालेली दुखापत वगळलेली असते. पॉलिसीचे बारीक अक्षर निघण्यापूर्वीच वाचून ठेवावे.

एका ठिकाणी एका मार्गदर्शकामागे आठ गाड्या सांगितल्या. दुसऱ्या ठिकाणी नुकसानभरपाईचे उत्तर मिळेना. तिसरीकडे दोनच गाड्या आणि सगळे लेखी. तिथे आम्ही दोन आसनांची एक गाडी एका तासासाठी घेतली. अर्ध्या तासाने तळावर परत येऊन माणसे बदलायची : आधी एकाने मुलाला न्यायचे, नंतर दुसऱ्याने मुलीला.

अल बदायरची सकाळ

दुबईहून हत्ताकडे जाताना लहबाबच्या पुढे वाळूचा रंग बदलत जातो. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साईडचा थर असल्याने ती तांबूस दिसते. शारजाच्या हद्दीतल्या अल बदायरजवळ 'बिग रेड' नावाची सुमारे 100 मीटर उंचीची टेकडी आहे. आसपास बग्गीवाल्यांचे तळ आहेत. आम्ही आठला पोहोचलो तेव्हा हवेत गारवा होता. सकाळचे ऊन तिरपे असते, सावल्या लांब पडतात आणि टेकड्यांचे चढउतार स्पष्ट दिसतात. भर दुपारी सावली नाहीशी होते आणि समोरचा खड्डा सपाट वाटतो. एप्रिल-मेपासून पुढे तर उन्हामुळे दिवसा हा विचारही करू नये.

मार्गदर्शकाने पंधरा मिनिटे नुसते समजावले. वाळूच्या टेकडीला दोन अंगे असतात. वाऱ्याकडचे अंग लांब, सौम्य आणि घट्ट. पलीकडचे आखूड, उभे आणि भुसभुशीत. कोरडी वाळू तीस ते चौतीस अंशांच्या उतारापर्यंत टिकते, त्याहून उभी झाली की घसरते. त्यामुळे वेगात चढून माथ्यावरून उडी घेणे हा सर्वांत मोठा धोका, कारण पलीकडे काय आहे ते दिसतच नाही. तिथे उभी कडा असेल किंवा समोरून दुसरी गाडी येत असेल. म्हणूनच प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा लावलेला असतो. तो टेकडीआडून आधी दिसतो. "माझ्या चाकोरीतून बाहेर जायचे नाही. मी माथा ओलांडून हात केल्याशिवाय चढायचे नाही. उतारावर गाडी आडवी करायची नाही. आणि उलटायला लागली तर हात बाहेर काढायचा नाही," त्याने सांगितले.

मग त्याने मुलीला आसनावर बसवून पाहिले. फोनवर आम्हाला आठ वर्षांपुढची मुले चालतील असे सांगितले होते. पण तिचे पाय तळाला टेकत नव्हते आणि खांद्याचा पट्टा मानेवर येत होता. त्याने मान हलवली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही विनंती केली असती तर कदाचित त्याने उशी लावून बसवलेही असते, पण आम्ही ती केली नाही. ज्या माणसाने पैसे घेतलेले असूनही नाही म्हटले, त्याच्या मागे मुलाला घेऊन जायला आमची हरकत उरली नाही.

अर्धा अर्धा तास आम्ही दोघांनी मुलासह गाडी चालवली. मजा आली का? आली. चढावर इंजिनाचा जोर पाठीला जाणवतो, माथ्यावर क्षणभर फक्त आकाश दिसते आणि उतरताना पोट हलके होते. पण चालवणाऱ्याची नजर पुढच्या चाकोरीवरून हटत नाही. हेल्मेट, गॉगल, कानात घरघर. त्याला दिसते ती फक्त वाळू. वाळवंट पाहतो तो शेजारी बसलेला. खरे वाळवंट भेटले ते मार्गदर्शकाने एका माथ्यावर इंजिने बंद करायला लावली तेव्हा. एवढी शांतता आमच्या मुलाने आधी कधी ऐकली नव्हती. तो पाच मिनिटे काहीच बोलला नाही, हेही आमच्या घरात नवलच.

इकडे दुल्हाभाई मुलीला चाकांच्या खुणा नसलेल्या भागात घेऊन गेले होते. भुंगेऱ्याची टाचणीने टोचावीत तशी पावले, पालीच्या शेपटीची रेघ, कोल्ह्याचे असावेत असे ठसे. आम्ही परतलो तर तीच आम्हाला दाखवायला लागली. चाके फिरलेल्या पट्ट्यात यातले काहीच नव्हते. वाळू धरून ठेवणारी झुडपे तिथे चिरडली जातात, बिळे बुजतात. म्हणून नेमलेल्या पट्ट्यातच गाडी नेणारी कंपनी निवडणे, हासुद्धा या निर्णयाचाच भाग आहे. दुबईने 225 चौरस किलोमीटरचे वाळवंट राखीव ठेवले आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रानातून नाहीसा झालेला अरबी ओरिक्स तिथे आज पुन्हा चरतो. ज्यांना वेगापेक्षा प्राणी पाहायचे आहेत, त्यांनी तिकडची शांत सहल घ्यावी.

अम्मींचे वाळवंट

दुपार आम्ही जवळच्या मलेहाला काढली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची गोल दगडी कबर, घोड्या-उंटांची दफने आणि लगतचा फाया डोंगर, जिथे सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली. 2025 मध्ये या फाया परिसराला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. इथे तिकीट थोडके होते आणि सातही जणांना सगळे पाहता आले. अम्मी एका झाडाखाली विसावल्या. ते गाफ, अमिरातींचे राष्ट्रीय झाड. मुळे खोल नेऊन पाणी शोधणारे. आपल्याकडे त्यालाच शमी म्हणतात, हे कळल्यावर अम्मींनी एक वाळकी शेंग रुमालात बांधून घेतली.

तर पैसे वसूल झाले का? आमचे उत्तर असे. घरात गाडी चालवू इच्छिणारे एक-दोघेच असतील तर छोटी गाडी, माणशी अर्धा तास, सकाळची वेळ आणि मोजक्या गाड्यांचा मार्गदर्शक : एवढ्यापुरते हे पैसे योग्य. सर्वांसाठी मोठी गाडी घेऊन दोन तास फिरणे मुळीच नाही. गरोदर बहिणी, पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेले, हृदयरोगी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी जाऊच नये. लहान मुलाचा पट्टा नीट बसत नसेल तर कंपनी हो म्हणाली तरी आपण नाही म्हणावे.

आणि हे फक्त दुबईपुरते नाही. आपल्या किनाऱ्यांवरही सुट्टीत पुळणीवरून गाड्या पळतात. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वरच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. तिथे मुलांनी हट्ट धरला तर अम्मींनी आमच्या मुलाला सांगितले तेच सांगावे : "चपला काढ आणि चालत जा."