पेठेच्या बाहेर पडलेला पोरगा

थोडं लांबलंय, सवडीनं वाचा. फुटबॉलचा विषय आहे, त्यामुळं कमेंटमध्ये शिव्या पडणार हे गृहीत धरलंय.

आपल्याकडं पाटाकडील आणि प्रॅक्टिसची मॅच असली की मंगळवार पेठेतल्या दुकानांत कामाची पोरं दुपारनंतर जागेवर सापडत नाहीत. शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, फुलेवाडी... नावं घेतली तरी कुणाची ना कुणाची कॉलर ताठ होते. शाहू स्टेडियमवर जेवढं पब्लिक एका लोकल मॅचला येतं, तेवढं देशातल्या कितीतरी व्यावसायिक क्लबना घरच्या मैदानावर मिळत नाही. हे कौतुकानं सांगतोय, आणि खरं आहे.

आता दुसरी गोष्ट. या एवढ्या फुटबॉलवेड्या गावातून आयएसएलपर्यंत जाऊन तिथं टिकलेली पोरं किती? बोटं मोजा. निखिल कदम मोहन बागानकडून खेळला, नॉर्थ ईस्टकडून खेळला. आणि अनिकेत जाधव. आणखी एखादं नाव निघेल. दुसऱ्या हाताची बोटं लागत नाहीत.

अनिकेतबद्दल आपण २०१७ मध्ये भरपूर लिहिलं. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात होता, दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर ६ ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध भारत उतरला आणि त्यात रिक्षाचालकाचा मुलगा, आपला कोल्हापूरचा. चौकाचौकात फ्लेक्स लागले. भारत तिन्ही मॅच हरला, अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. फ्लेक्स उतरले. आणि पुढं तो काय करतोय हे विचारायचं आपण जवळजवळ सोडूनच दिलं. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

त्याच्या आधीचं एक वाक्य मात्र महत्त्वाचं. अनिकेत पेठेच्या सीनिअर टीममधून वर गेलेला नाही. लहान वयातच तो पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, नंतर पुणे एफसीच्या अकादमीत, आणि तिथून भारताच्या कॅम्पमध्ये. म्हणजे ज्या वयात आपल्याकडं पोरगं कुठल्या तालमीचं हे ठरतं, त्या वयात तो गाव सोडून गेला होता. रोज ठरलेल्या वेळी सराव, ठरलेलं जेवण, आपल्याच वयाच्या पोरांबरोबर वर्षभर मॅचेस. आपल्याकडं काय होतं? चौदा-पंधराचं चपळ पोरगं दिसलं की त्याला सीनिअरमध्ये घेतात. पब्लिक त्याच्या नावानं ओरडतं, कुणीतरी बूट देतं, कुणीतरी पाकीट देतं. वीस वर्षांचा होईतो तो पेठेचा हिरो असतो. पंचविशीत गुडघा गेलेला असतो.

वर्ल्ड कपनंतर फेडरेशननं त्याच पोरांची इंडियन ॲरोज टीम आय-लीगमध्ये उतरवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात पहिली मॅच, चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यात दोन गोल अनिकेतचे. समोर पगारी, मोठे खेळाडू होते आणि ही पोरं अठरापण पूर्ण नव्हती.

मग ऑगस्ट २०१८. स्पेनमध्ये कोटिफ स्पर्धा, वीस वर्षांखालचा संघ, समोर अर्जेंटिना. भारत २-१ नं जिंकला. दीपक तांगडी आणि अन्वर अलीचे गोल. ही बातमी सगळ्यांनी वाचली, पण त्यातली एक ओळ आपल्या गावात फारशी चर्चेत आली नाही: दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच अनिकेतला रेड कार्ड मिळालं होतं. उरलेला सगळा वेळ भारत दहा जणांवर खेळला. आपल्याकडं रेड कार्ड म्हणजे पंचांभोवती वीस जण, मॅच पंधरा मिनिटं बंद, स्टँडमधून बाटल्या, दुसऱ्या दिवशी पोलीस बंदोबस्ताची बातमी आम्हालाच लिहायची. तिथं पोरगं बाहेर गेलं आणि उरलेल्या दहांनी मॅच काढली. समोरच्या अर्जेंटिनाच्या पोरांचा कोच कोण होता माहिती आहे? लिओनेल स्कालोनी. चार वर्षांनी त्यानंच मेस्सीच्या टीमला वर्ल्ड कप जिंकून दिला आणि आपण मिरजकर तिकटीला रात्रभर नाचलो.

त्याच सुमारास अनिकेत इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं तीन महिने सरावाला गेला. क्लब इंग्लंडचा, मालक मात्र आपले पुण्याचे, व्यंकीज कोंबडीवाले. ‘तिकडंच का नाही राहिला?’ असं अजून लोक विचारतात. राहणं त्याच्या हातात नव्हतं ओ. तेव्हाच्या नियमानं इंग्लंडमध्ये वर्क परमिट मिळायला तुमचा देश फिफाच्या पहिल्या पन्नासात लागायचा आणि तुम्ही त्या देशाच्या सीनिअर संघाकडून नियमित खेळलेले लागायचा. भारत शंभराच्या आसपास. म्हणजे पोरगं कितीही चांगलं खेळलं तरी दार बंदच.

परत येऊन जमशेदपूर, मग हैदराबाद, मग कोलकात्याचं ईस्ट बंगाल, मग ओडिशा. हैदराबादनं २० मार्च २०२२ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, त्या संघात अनिकेत होता. त्याच महिन्यात इगोर स्टिमॅचनं त्याला भारताच्या सीनिअर संघात बोलावलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओडिशानं एएफसी कपमध्ये मोहन बागानला त्यांच्याच सॉल्ट लेकवर ५-२ धुतलं, शेवटचा गोल अनिकेतचा. आपल्या गावातल्या एकाही चौकात फटाका वाजला नाही. एखाद्या चषकाच्या सेमीफायनलला वाजतो.

यात अजून एक गोष्ट आहे, ती खेळणाऱ्यांना पटेल. अनिकेत फॉरवर्ड म्हणून वर आला. क्लबमध्ये जास्त करून विंगला खेळला. कारण आयएसएलमध्ये गोल करायचं काम परदेशी माणसाला. हैदराबाद जिंकलं त्या सीझनमध्ये ओगबेचेनं एकट्यानं १८ गोल मारले. त्याच्यासमोर आपल्या पोरानं बाजूला सरकून पळायचं. त्याचा परिणाम देशाच्या संघावर दिसतो, सुनील छेत्रीनंतर कोण हे अजून ठरेना. आणि आपल्या पेठा काय वेगळं करतात? चषकाची रक्कम मोठी असली की नायजेरियाचा फॉरवर्ड आणायचा. त्या खेळाडूंबद्दल माझा राग नाही, ती कष्टाळू पोरं आहेत, पोटासाठी लांब येतात. पण पेठेतला अठरा वर्षांचा नऊ नंबर तेव्हा बेंचवर टाळ्या वाजवत असतो.

घरचं प्रेम खेळाडूला कसं अडकवतं याचं मोठं उदाहरण मेक्सिको. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप २००५ आणि २०११ असा दोनदा जिंकलेला देश. तरी युरोपात त्यांची माणसं तेवढी दिसत नाहीत, कारण त्यांची घरची लीग पगार चांगला देते, स्टेडियम भरलेलं असतं, मग बाहेर जाऊन थंडीत बेंचवर कोण बसणार? जो जातो तो वेगळा होतो. हिर्विंग लोझानो आठवतोय का? २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीला गोल मारून आपल्या जर्मनीवाल्यांची तोंडं पाडलेला. पाचुका क्लबच्या अकादमीतला पोरगा, २०१७ ला हॉलंडच्या पीएसव्हीला गेला, २०१९ ला नापोलीला, २०२३ ला इटलीची लीग जिंकला. फरक एवढाच की मेक्सिकोत घरी राहिलेल्याला निदान पगार मिळतो. आपल्याकडं घरी राहिलेल्याला सीझनचं पाकीट मिळतं आणि जून उजाडला की काही नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण इनबॉक्समध्ये आलेला एक मेसेज. एक गृहस्थ, सलूनचं दुकान आहे, मुलगा अकरा वर्षांचा, डावखुरा. ‘दादा, पोराला पुण्याला पाठवू का? की इथंच तालमीत ठेवू?’

उत्तर सोपं नाही. अनिकेत गेला तेव्हा पुण्यात निदान क्लब होते. पुणे एफसी गेलं. भारत एफसी एक सीझन खेळून गेलं. डीएसके शिवाजियन्स गेलं. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झालं. आज आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा एकच क्लब आहे, मुंबई सिटी. आणि जुलै २०२५ मध्ये तर आयोजकांनी अख्खी आयएसएलच थांबवली, फेडरेशनबरोबरचा करार संपत आला म्हणून. काही क्लबनी खेळाडूंचे पगारच थांबवले. ट्रॉफी जिंकलेली पोरं घरी बसून वाट बघत होती. बापानं हे माहीत असताना पोराला पाठवायचं म्हणजे काळीज लागतं.

तरी मी त्यांना पाठवा म्हणालो. प्रबोधिनीत शाळा सुटत नाही, राहण्याजेवणाचा खर्च सरकारचा, आणि राज्य-राष्ट्रीय स्पर्धा खेळला तर नोकरीच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणात त्याच्या प्रमाणपत्राला किंमत असते. पेठेच्या चषकाचं मानचिन्ह तिथं कुणी विचारत नाही.

पण सगळ्याच अकरा वर्षांच्या पोरांना पुण्याला का जावं लागावं, हा प्रश्न केएसएला आणि तालमींना आहे. मालोजीराजे स्वतः देशाच्या फेडरेशनच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यामुळं वर आवाज पोहोचत नाही असं म्हणता येणार नाही. सीनिअरच्या सोळा संघांपैकी प्रत्येकानं तेरा आणि पंधरा वर्षांखालची टीम वर्षभर चालवली पाहिजे, नाही चालवली तर सीनिअरला एंट्री नाही, एवढा एक नियम करून बघा. दोन-चार दिवसांच्या स्पर्धा नकोत, लीग हवी. परदेशी खेळाडूवर जाणाऱ्या पैशातले चार आणे जरी पोरांच्या कोचला दिले तरी भागेल. कोण म्हणेल पब्लिक येणार नाही. नसू दे की, शाळेच्या परीक्षेला कुठं पब्लिक येतं.

सलूनवाल्या दादांना मी जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड काढून ठेवायला सांगितलंय. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चाचणीची चौकशी करायलाही सांगितलंय. ते म्हणाले, वार्षिक परीक्षा झाली की बघतो. मी म्हटलं, परीक्षेची वाट बघू नका, उद्याच जा.