सुईचा एक तास

नवीन पनवेलच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी काढली की पोरं जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, पेट्रोल किती लागतं?" पेट्रोल लागतच नाही. हातभर लांबीच्या या रिमोटच्या गाडीत साडेतीन सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि त्याला लागतं मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. ठिणगी पाडणारा प्लगही नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलवर तापवायची. इंजिन धरलं की सेल काढायचा. पुढे मिथेनॉलच तिला लाल ठेवतं.

खरी कसरत कार्बोरेटरची. त्यावर दोन सुया: एक फुल थ्रॉटलची, एक स्लोची. शिवाय आयडलचा स्क्रू. सुई आत पिळली की इंधन कमी, बाहेर काढली की जास्त. पिळायचं ते घड्याळाच्या एका तासाएवढं, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. मग गाडी पळवायची, ऐकायचं, पुन्हा एक तास. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊच नये.

एक किलो पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते. मिथेनॉलला साडेसहाच्या आत भागतं, नायट्रोमिथेनला पावणेदोनही पुरे. म्हणून हे एवढंसं इंजिन अधाशासारखं पितं. शिवाय वंगण इंधनातच मिसळलेलं आणि इंजिन गार ठेवण्याचं निम्मं कामही इंधनाचंच. त्यामुळे सुई जास्त आवळली की ताकद वाढल्यासारखी वाटते, आवाज चढतो, गाडी बाणासारखी सुटते आणि तेवढ्यातच पिस्टन कोरडा पडायला लागतो. माझ्या मते या छंदातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच.

हे मला आमच्या जुन्या पनवेलातल्या गॅरेजवाल्या काकांनी कानाने ओळखायला शिकवलं. त्यांची हयात टू-स्ट्रोक स्कूटरी उघडण्यात गेली. नायट्रो गाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, पण ती समोरून सुसाट गेल्यावर मान हलवून म्हणाले, "अरे, रडतोय तो. तेल कमी पडतंय. धूर कुठंय?" धूर खरंच नव्हता. सुई दोन तास सोडली, तेव्हा मागे निळसर पांढरी रेघ उमटली आणि किंचाळणं थांबलं. टेम्परेचर गनवर हेडचा आकडाही उतरला. मी शंभर ते एकशेवीस अंश सेल्सिअसच्या आत राहतो. काका मात्र हेडवर पाण्याचा थेंब टाकतात: टाकताक्षणी उडाला तर गरम, दोन-चार सेकंद चरचरत राहिला तर ठीक.

स्लोची सुई वेगळ्या रीतीने बघायची. इंजिन आयडलला ठेवून कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबायची. आवाज जरा चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच मेलं तर इंधन कमी, बराच वेळ घुटमळलं तर जास्त.

एवढं करून सेटिंग कायमचं होत नाही, कारण पनवेलची हवा. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात हवा विरळ, म्हणून सुई थोडी आवळलेली चालते. तेच सेटिंग डिसेंबरच्या पहाटे ठेवलं तर हवा दाट, इंधन अपुरं. सुई सोडावीच लागते. ऊन चढलं की पुन्हा उलट. कर्नाळ्याचा सुळका स्पष्ट दिसत असेल त्या सकाळी मी आधी सुई सोडतो, मग गाडी सुरू करतो. शास्त्र नव्हे, सवय.

संध्याकाळी टाकी रिकामी करायची, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही. मग आफ्टर-रन तेलाचे थेंब सोडून इंजिन हाताने फिरवायचं आणि पिस्टन खाली आणून ठेवायचा, नाहीतर वर लायनरमध्ये आवळून बसतो. काका हे सगळं बघत पान लावत होते. "स्कूटरवाल्यांनी एवढं केलं असतं," ते म्हणाले, "तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं."