आठशे उघडली त्याची गोष्ट

सुरुवातीलाच कबूल करतो, इंजिन मीच घालवलं होतं.

२०२२ च्या दिवाळीनंतर अण्णांची मारुती ८०० घेऊन मी पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. मागे ट्रक, शेजारी ट्रक. म्हटलं, वर पोचलो की थांबू. (ज्याला ऑफिसात रोज 'वॉर्निंगच आहे ना, एरर नाही ना? मग चल पुढे' अशी सवय, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा!) वर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ आणि गाडीतला जीव, दोन्ही बाहेर पडलं होतं. कारण नंतर सापडलं. रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज उडाला होता.

गाडी टो करून घरी आणली. अण्णा बाहेर आले, ऑईलची पट्टी ओढून बघितली. पट्टीवर चक्क दुधाचा चहा. म्हणजे हेड गास्केट गेलं, पाणी ऑईलमध्ये उतरलं. त्यांनी पट्टी पुसली, परत घातली आणि म्हणाले, "जेवलायस का?"

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

गाडी १९९८ ची. मास्तरकीच्या पगारातून घेतलेली, घरातली पहिली आणि शेवटची. २०२३ मध्ये रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं होतं आणि पासिंगला न्यायची तर गाडी निदान चालायला हवी. गॅरेजवाला म्हणाला, "कशाला नादाला लागताय, भंगारात घाला." भंगारवाल्याने अठरा हजार सांगितले. त्यात अण्णांना काचबिंदू. डॉक्टरांनी रात्री गाडी चालवणं आधीच बंद केलं होतं. पण "दिवसा चालवतो की मी!" हे ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचे. ही गाडी गेली असती तर त्या वाक्याला अर्थच उरला नसता. म्हणून ठरवलं, आपण घालवलं, आपणच करायचं. दर शुक्रवारी रात्रीची एसटी, रविवारी रात्री परत.

८०० चं एक बरं आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन आडवं बसवलेलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच कुशीला. बॉनेट, बॅटरी, रेडिएटर काढला, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट ओढून घेतले की सगळं प्रकरण एकत्र वर येतं. बोअरवेलमधली मोटर काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून लोखंडी तिपाई आणि चेनपुली आणली. प्रत्येक वायर सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो. तीनशेच्या वर फोटो झाले आणि जो नेमका लागला तो काढलाच नव्हता!

हेड अॅल्युमिनियमचं. पट्टी आडवी ठेवून फीलर गेज सरकवलं तर मधे सहज शिरलं. उष्णतेनं वाकलं होतं. पिस्टनवर उभे ओरखडे. ब्लॉक आणि हेड रिक्षात घालून शिवाजी उद्यमनगरात नेलं. कोल्हापुरात वाढलो पण उद्यमनगर असं कधी बघितलंच नव्हतं. आपल्याकडे मोठमोठ्या कंपन्यांचं कौतुक, आणि इथे एकेका शटरमागे मिलीमीटरचे शंभर भाग करून जगणारी माणसं. तिथल्या काकांनी डायल गेज तिन्ही सिलिंडरमध्ये फिरवलं. "वरच्या अंगाला झिजलंय, आणि ओव्हल झालंय. अर्धा मिलीमीटर मोठं करावं लागंल."

"मग करा की."

"पिस्टन कुठाय?"

"पिस्टन नंतर आणतो ना."

काकांनी मशीन बंद केलं. "भावा, पिस्टन आधी. एकाच साइजच्या डब्यातनं आलेलं पिस्टनबी थोडं थोडं उन्नीस-बीस असतंय. पिस्टन मोजून मग भोक करायचं. कापलेलं परत चिकटत न्हाई."

पुढे दोन आठवडे हे शेवटचं वाक्य मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. फार कुणी हसलं नाही.

८०० बनायची २०१४ च्या जानेवारीत बंद झाली, पण सुटे भाग अजून मिळतात. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गास्केट सेट. जोडणी म्हणजे निव्वळ शिस्त. बेअरिंगची कॅप ज्या जागेवरची त्याच जागेवर, त्याच दिशेनं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आणि तेही टप्प्याटप्प्यानं. घाई केली की हेड पुन्हा वाकडं.

गिअरबॉक्सनं मात्र रडवलं. दुसरा गिअर कैक वर्षं करकरत पडायचा. सिंक्रोची पितळी रिंग झिजलेली. ती बदलायला केसिंग उघडलं आणि गिअर जागेवर धरून ठेवणारी एक गोळी, मागच्या स्प्रिंगच्या जोरानं, टण्णकन उडाली. थेट जास्वंदीत. मी तासभर गुडघ्यावर. अण्णा आत गेले, जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून आणलं आणि झाडाखालच्या पालापाचोळ्यातून सावकाश फिरवत बसले. दिसत नव्हतंच त्यांना फारसं. टिक् असा आवाज आला तेव्हा माझ्याकडे न बघता दोरी पुढे केली.

फेब्रुवारीत इंजिन आत गेलं. स्टार्टर मारला तर कार्बोरेटरमधून फट् फट्. पेट्रोल आहे, स्पार्क आहे, टायमिंगच्या खुणा जुळलेल्या. रात्री दहापर्यंत तेच. अण्णा पायरीवरून म्हणाले, "एक नंबरचा प्लग काढ. भोकावर अंगठा ठेव आणि पान्ह्यानं इंजिन फिरव." मळ्यातलं ऑईल इंजिन त्यांनी वीस वर्षं हँडल मारून चालू केलेलं. पिस्टन दोनदा वर येतो ना, एकदा दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. मी धुराच्या फेरीवर डिस्ट्रिब्युटर बसवला होता. स्पार्क बरोब्बर चुकीच्या वेळी! अंगठा ढकलला गेला तिथे थांबलो, डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवला. दुसऱ्या स्टार्टरला लागली.

एकूण खर्च भंगारवाल्याच्या आकड्याच्या दुपटीच्या आसपास. एसटीचं भाडं धरलेलं नाही.

मार्चमध्ये पासिंग झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात अण्णांची डोळ्यांची तपासणी होती. उजव्या बाजूचं बरंच दिसणं गेलंय, दिवसाही गाडी नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर अण्णांनी किल्ली खुंटीला लावली, नेहमीच्याच जागी.

पासिंगनंतरच्या रविवारी जोतिबाला निघालो. मी चालवायला, अण्णा डावीकडे. त्या सीटवर ते मी पहिल्यांदाच बघत होतो. दुसरा टाकला तेव्हा त्यांनी कान दिला, मान हलवली. घाट सुरू झाला.

"काटा कुठाय?"

"मधे आहे अण्णा."

एक वळण झालं.

"आता?"

"मधेच."

वर पोचेपर्यंत त्यांनी सात-आठ वेळा विचारलं. मी प्रत्येक वेळी बघून सांगितलं.